रंगाचे वजन

कोल्हापूर
18 ऑक्टोबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. पावसाळाभर तुला पत्र लिहिले नाही, कारण मी बांधतो आहे त्या विमानाच्या कामात लिहिण्यासारखे काही हातून घडतच नव्हते. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, तिथे पॉलियुरेथेनचा रंग मारणे म्हणजे मुद्दाम फोड उठवून घेण्यासारखे आहे. त्यातला हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे द्रव्य, हवेतल्या पाण्याशीच रासायनिक क्रिया करतो, वायू सुटतो आणि पृष्ठभागावर बुडबुडे धरतात. म्हणून नवरात्रापर्यंत मी फक्त विमानाचे पत्रे धुतले आणि घासले. ॲल्युमिनियम स्वच्छ झाले की नाही हे पाहायची युक्ती फार साधी आहे: त्यावर पाणी ओतायचे. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर ठीक, मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा शिल्लक आहे असे समजायचे. माझ्या बोटांचे ठसेसुद्धा त्या पाण्यात उमटलेले पाहिले आणि तेव्हापासून हातमोज्यांशिवाय पत्र्याला हात लावला नाही.

आता माझी फजिती सांगतो. उद्यमनगरातला एक गाड्या रंगवणारा पेंटर मदतीला येतो. त्याचा हात असा की स्प्रे गन जणू मनगटातूनच उगवली आहे. एलेरॉनवरच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळीवरच्या, रिव्हेटच्या खळग्या पाहून तो म्हणाला, "साहेब, जरा लांबी भरूया की, आरशागत दिसंल बघा." मीही भुललो. लांबी म्हणजे पुट्टी, मग प्रायमर, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात. एलेरॉन खरोखर आरशासारखे दिसू लागले. मग ते बिजागऱ्यांच्या जागी दोन खिळ्यांवर टांगले, तर जी पुढची कड खाली झुकायला हवी होती ती वर गेली आणि मागची कड हळूहळू खाली येऊन थांबली. वजन केले तेव्हा 180 ग्रॅम वाढलेले निघाले.

तू म्हणशील, पावशेरसुद्धा नाही, त्याचे काय एवढे! परंतु हलणाऱ्या पृष्ठभागाचा तोल बिजागरीच्या मागे गेला की एका विशिष्ट वेगाला हवेचा झोत आणि पंखाची लवचीकता मिळून त्याला थरथर सुटते, ती क्षणाक्षणाला वाढत जाते, आणि त्या फ्लटरने पंख तुटल्याची उदाहरणे विमानविद्येत आहेत. तोल परत आणायला पुढे शिसे बसवावे म्हटले, तर रंगाचे वजन बिजागरीपासून सरासरी 12 सेंटिमीटर मागे आणि शिशाची जागा जेमतेम 4 सेंटिमीटर पुढे. म्हणजे 180 ग्रॅमला तिप्पट, सुमारे 540 ग्रॅम शिसे. तो भार पंखाने उगाच का वाहावा? शेवटी तीन दिवस पॉलिश पेपर मारून सगळी लांबी काढली. पेंटर रुसला होता, पण खिळ्यांवरचा प्रयोग प्रत्यक्ष दाखवल्यावर त्यानेच दुसऱ्या बाजूचे एलेरॉन पातळ हाताने रंगवून दिले. खळग्या आता दिसतात, दिसोत.

2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात आपण अमोल यादवांचे कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान पाहिले, तेव्हा तू त्याच्या आकाराकडे पाहत होतास आणि मी जोडांकडे. आता कळते की त्या जोडांच्या ठिकाणी रंग नसणे हीसुद्धा कारागिरीच आहे. बोल्टच्या वॉशरखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो काही दिवसांनी दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. म्हणून भोकांत बुचे घालून आणि जोडांवर टेप लावूनच मी रंगवतो. इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा, मात्र हट्टाने पांढरा ठेवला आहे, कारण काळ्या नळीवरची बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. श्वासासाठी बाहेरच्या हवेचा मुखवटा घेतला आहे. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाच्या बाबतीत साधा कार्ट्रिज मास्क संपत आल्याची खूण देत नाही, हे वाचल्यावर सौ.ने दुसरा पर्यायच ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात डाव्या बाजूचे एलेरॉन पंखाला बसवले. बोल्टचे डोके शक्य तिथे वर किंवा पुढे, म्हणजे नट निसटला तरी बोल्ट जागेवर राहतो. एएन-3 या विमानाच्या बारीक बोल्टला 20 ते 25 इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आणि जिथे जोड फिरतो तिथे नायलॉनची कडी असलेला नट नाही, खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. एक पिन वाकवताना तुटली, तिचा तुकडा पंखात पडला आणि चुंबक, आरसा, टॉर्च असा सारा सरंजाम घेऊन तो काढायला मला दुपारचे जेवण सोडावे लागले.

उजव्या बाजूचे अजून बाकी आहे. दिवाळीला येताना तुझ्याकडचा छोटा टॉर्क रेंच घेऊन ये. माझा 20 ला टकटकतो की 24 ला, याचा मला आता भरवसा वाटत नाही, तेव्हा दोन्ही शेजारी लावून पाहू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर