एका पिनची किंमत

सांगली

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातली नोकरी सोडून पूर्णवेळ टेनपिन बोलिंग खेळण्याचा तुझा विचार वाचल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे पगार कोण देणार, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच आला होता. तुझ्या खेळण्याला माझी हरकत नाही. नोकरी आत्ताच सोडण्याला आहे, आणि ती का, हे जरा विस्ताराने लिहितो.

सांगलीला खेळाडूंचे वावडे नाही. विजय हजारे इथलेच, स्मृती मानधना इथेच वाढली, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर पानटपरीवाल्याच्या घरातला. पण क्रिकेट असो की वेटलिफ्टिंग, त्यात जिल्हा, राज्य, देश अशी चढती वाट ठरलेली आहे. बोलिंग १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून येऊन गेले, पदकांच्या खेळांत त्याला जागा मिळाली नाही. एशियाडमध्ये ते १९७८ साली बँकॉकला आले, २०१८ साली जकार्ता-पालेम्बंगला होते आणि पुढच्या हांगझोच्या स्पर्धेत नव्हते. त्यामुळे पदकामागून येणाऱ्या सरकारी मदतीच्या भरवशावर तू हिशेब मांडू नयेस, असे मला वाटते.

राहिला व्यावसायिक खेळ. अमेरिकेत १९५८ साली व्यावसायिक बोलरांची पीबीए ही संघटना निघाली, पण तिथेही बोलरला महिन्याचा पगार नाही. प्रवेश शुल्क भरायचे, प्रवास आणि मुक्काम आपल्या खिशातून करायचा, पात्रता फेरीत गेममागून गेम खेळायचे आणि ठरलेल्या क्रमांकाच्या आत आलो तरच बक्षिसाचे तोंड दिसायचे. अर्ल अँथनी हा डावखुरा खेळाडू १९६३ साली या संघटनेच्या स्पर्धांच्या दौऱ्यावर गेला, काही न मिळवता टकोमाला घरी परतला, किराणा मालाच्या गोदामात काम करत सराव करत राहिला आणि १९७० साली त्याने पहिले विजेतेपद जिंकले. पुढे १९७५ साली एका हंगामात एक लाख डॉलरांवर कमाई करणारा तो पहिला बोलर ठरला. त्याच्या विजेतेपदांइतकीच मधली गोदामातली वर्षे तू ध्यानात घ्यावीस.

आता तुझ्या खेळाविषयी. तू पाठवलेल्या व्हिडिओंत फक्त स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडलेल्या, आहेत. बघायला छान वाटतात. बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधोमध शिरतो, स्वतः चारच पिनांना लागतो आणि उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात, हे मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले. पण कागद घेऊन हिशेब केला तेव्हा वेगळेच हाती आले. गेमच्या दहा फ्रेम, दर फ्रेमला दोन बॉल; प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी चुकली, तर गेम ९० चा होतो. तीच एक पिन दर वेळी दुसऱ्या बॉलला पाडून स्पेअर केला (त्यावर पुढच्या बॉलचे गुणही जादा मिळतात) आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ पडल्या, तर तोच गेम एकही स्ट्राइक न करता १९० चा होतो. शंभर गुणांचा फरक त्या एका पिनचा आहे, आणि तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंतच्या साठ फुटांत पुढच्या भागावर तेल असते, शेवटचा भाग कोरडा असतो आणि तिथे बॉल वळतो. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मॉलमध्ये मधे जास्त आणि कडेला कमी तेल घालतात, त्यामुळे थोडा चुकलेला बॉलही सावरला जातो. स्पर्धेसाठी तेल घालण्याच्या पद्धतीत, म्हणजे पॅटर्नमध्ये, ते जास्त सारखे पसरलेले असते आणि ही सवलत मिळत नाही. शिवाय खेळ चालू असताना बॉलबरोबर तेल सरकत जाते, म्हणून सकाळी सापडलेली बॉल टाकण्याची लाइन दुपारी उपयोगाची राहत नाही. तुझी सरासरी कोणत्या तेलावरची आहे, हे तू पत्रात लिहिलेले नाहीस. माझ्या दृष्टीने तोच मुख्य आकडा आहे.

दिवाळीला तू तुझा जुना बॉल कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये ठेवून गेलास, तो मी सवडीने तपासला. अंगठ्याच्या भोकात टेपचे थरावर थर चिकटवलेले आहेत, मधल्या दोन बोटांची भोके किंचित कललेली आहेत, आणि व्हर्नियर लावून पाहिले तर अंगठ्याच्या भोकाची कड एका बाजूने झिजून गोलाई गेलेली आहे. म्हणजे तुझा अंगठा सुटताना घासतो, टेप लावून तू वेळ मारून नेतोस. प्रत्येकाच्या पंजाच्या मापाने, बोटांच्या कलाने भोके पाडून देणे हे कसबाचे काम आहे, आणि बोलिंग सेंटरमधल्या प्रो शॉपचा, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानाचा, धंदा त्यावरच चालतो. लेथवर हयात घालवलेल्या माणसाच्या घरात तू जन्मलास; हे काम तुला परक्याकडून शिकावे लागेल असे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की नोकरी तूर्त चालू ठेव, रजा काढून देशातल्या स्पर्धा खेळ, आणि शनिवार-रविवारी जमेल तेव्हा इथे येऊन ड्रिलिंग शिक. भोके पाडताना बॉल पक्का धरणारा जिग मी बनवून देतो. बॉल ड्रिल करून महिन्याचा खर्च निघू लागला की नोकरी सोडण्याचे बोलू, आणि तेव्हा आईची समजूत मी घालीन. पहिल्या स्पर्धांचे प्रवेश शुल्क माझ्याकडून. बॉल मात्र तुझ्या पगारातून घ्यायचे, आणि त्यात स्पेअरसाठी सरळ जाणारा प्लॅस्टिकचा एक आधी घे.

येताना स्कोअरशीट घेऊन ये. नुसती बेरीज नको; कोणत्या फ्रेममध्ये कोणती पिन उभी राहिली आणि ती पडली की नाही, हे दर गेमचे लिहिलेले असावे. आजीने तुझ्यासाठी भडंग करून ठेवले आहे.

तुझा,
बाबा