हप्त्याचं बोलणार नाही

प्रिय नचिकेत,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास की लाइन कटली, हे मी विचारणार नाही. ईशा म्हणते लाइन कटली. गुणी पोर आहे.

ती लाखभर युरोंची विजेची गाडी तू कर्ज काढून घेणार म्हणालास आणि माझा आवाज चढला, ते चुकलंच. "आई, तुझ्या बँकेतल्या गाड्या वेगळ्या होत्या, ही वेगळी आहे," असं तू म्हणालास. बँकेत वाहनकर्जं बघत आलेल्या बाईला ते लागलं. पण म्हटलं, मुलगा म्हणतोय तर असेलही वेगळी, बघू तरी. म्हणून गेले चार दिवस वाचत बसले आहे. वहीची बारा पानं भरली. तेव्हा आता लिहिते आहे ते फक्त गाडीबद्दल. हप्त्याबद्दल एक अक्षर नाही. पगार तुझा, कर्ज तुझं, चाळिशीही तुझीच.

तुमची नॉर्वेतली, ओस्लोची विजेची गाडी मला आवडली होती, हे आधी कबूल करते. सकाळी खिडकीतून पाहिलं तर तिच्यावर वीतभर बर्फ. तू मोजे चढवता चढवता फोनवर काहीतरी दाबलंस आणि आपण खाली उतरेपर्यंत काच मोकळी, सीट गरम! माझे गुडघे त्या सीटला अजून दुवा देतात. वाटेत मात्र माझं सगळं लक्ष गाडी अजून किती किलोमीटर जाईल त्या पडद्यावरच्या आकड्यात. आपण एक किलोमीटर पुढे जायचो आणि तो दीडने खाली यायचा. "थंडी आहे आई, बॅटरी पण कुडकुडते," तू म्हणालास. ईशा हसली, मीही हसले, आणि मनात पुढचा चार्जर किती लांब आहे ते मोजत राहिले. माझा स्वभावच तसा, काय करू?

तर ती गाडी तिथे "सहज परवडली" असं तू परवा दोनदा म्हणालास. ती परवडली नव्हती रे. पेट्रोलची गाडी तिथे महाग करून ठेवली होती. नॉर्वेत २५ टक्के व्हॅट, आणि २००१ पासून विजेच्या गाडीला तो माफ. शिवाय पेट्रोलच्या गाडीला भरावा लागणारा खरेदीचा करही तेव्हा तिला नव्हता. तू २०२१ मध्ये घेतलीस तेव्हा ही माफी कितीही महाग गाडीला होती. २०२३ पासून त्यांनी पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर व्हॅट लावला. म्हणजे तुझ्या त्या गाडीच्या किमतीतला मोठा वाटा सरकारने सोडून दिला होता, आणि वीज धबधब्यांची, म्हणून स्वस्त. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दहा नव्या गाड्यांतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. माणसं हिशेबी आहेत, दुसरं काय! तेल विकून गब्बर झालेला देश स्वतःच्या माणसांना तेलावरून उठवतो, याची मला मोठी गंमत वाटते.

मग मी एकच गाडी धरून चार देश फिरले, वहीतल्या वहीत. टेस्लाची मॉडेल वाय घेतली, कारण तिचे भाव सगळीकडे उघड असतात. जुलै २०२५ मध्ये भारतात आली ती ५९ लाख ८९ हजारांना. त्याच सुमारास अमेरिकेत ती ४४,९९० डॉलरला होती आणि चीनमध्ये २,६३,५०० युआनला, म्हणजे ३७ हजार डॉलरच्या आसपास. भारतातल्या किमतीचे डॉलर केले तर सत्तर हजारांच्या घरात जातात. गाडी चीनमधल्याच कारखान्यातून आलेली, पत्रा तोच, चाकं तीच. मधला फरक बहुतेक सगळा आयात शुल्काचा. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या आयात गाडीवर तर तेव्हा भारतात शुल्कच शंभर टक्क्यांच्या पुढे जायचं. सिंगापूरची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे गाडी घेण्याआधी गाडी ठेवण्याच्या हक्काचं प्रमाणपत्र लिलावात घ्यायचं, तेही दहाच वर्षांचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीचं हे प्रमाणपत्र दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलं होतं. नुसता कागद! माझ्या टेबलावर असं प्रकरण आलं असतं तर मी तारण म्हणून काय लिहिलं असतं, देव जाणे.

तेव्हा "ही गाडी तेवढ्या किमतीची आहे का" याला एक उत्तर नाही. कोणत्या देशात, आणि कोणाच्या खिशातून, हे आधी विचारायचं.

आता तू राहतोस तो देश. जर्मनीने सबसिडी कशी बंद केली ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डिसेंबर २०२३ मध्ये एका शनिवारी जाहीर केलं आणि रविवारी रात्री खिडकी बंद. ताईकडेही तसंच. अमेरिकेत साडेसात हजार डॉलरची करसवलत होती, पण सेडान पंचावन्न हजारांच्या वरची असेल तर नाही, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला तीही संपली. ताईने शेवटच्या आठवड्यात धावपळ करून साधीच घेतली. तिचं तू ऐकत नाहीस, तर माझं काय ऐकणार!

पण जर्मनीची एक गोष्ट मला चार वेळा वाचावी लागली. तिथे लाखभर युरोंच्या या गाड्या पहिल्यांदा घेतात कोण? बऱ्याचशा कंपन्या घेतात, आपल्या माणसांना वापरायला देतात. पेट्रोलची गाडी मिळाली तर माणसाच्या उत्पन्नात दर महिन्याला गाडीच्या किमतीचा एक टक्का धरून कर लावतात, विजेची असेल तर पाव टक्का. एक लाख युरोंच्या गाडीला महिन्याला हजाराच्या जागी अडीचशे. त्यात ही सवलत २०२५ च्या जुलैपासून एक लाख युरोंच्या गाडीपर्यंत वाढवली. साहजिकच साहेबलोक विजेची मोठी गाडी मागतात. तीन वर्षांनी लीज, म्हणजे गाडीचा भाडेकरार, संपते आणि त्या सगळ्या एकदम जुन्या बाजारात येतात. तिथे स्वतःसाठी घेणाऱ्या माणसाला ही करसवलत नाही, म्हणून मागणीही नाही. भाव पडणार नाही तर काय होईल? नवी गाडी स्वतःच्या पैशाने घेणारा माणूस या खेळात सगळ्यात चुकीच्या जागी उभा असतो. नचि, तो माणूस तू आहेस.

आणि तुमच्या इमारतीत चार्जर नाही. घरची वीज युनिटला पस्तीस-चाळीस सेंट, हायवेवरच्या जलद चार्जरची त्याच्या दीडपट-दुप्पट. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादा नाही म्हणतोस, तर वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, हे तूच मला अकरावीत असताना पंख्यासमोर पुठ्ठा धरून शिकवलं होतंस. बॅटरी कुठून पुरणार? शिवाय तू ऑफिसला ट्रॅमने जातोस. हे लिहायचं नव्हतं, पण जातोस ना?

बँकेतली एक गोष्ट सांगते. हप्त्याची नाही, गाडीची. वाहनकर्जाच्या टेबलावर मी बावीस वर्षं होते, त्यातली ही एक माझ्या मनातून जात नाही. एक गृहस्थ होते, कारखान्यात सुपरवायझर. चौदा हप्ते तारखेला भरले. मग कारखान्याला टाळं लागलं. आम्ही नोटीस काढण्याआधीच ते स्वतः गाडी घेऊन आले, धुऊन पुसून. मी मूल्यांकनाचा कागद घेऊन खाली गेले, दार उघडलं, तर सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. सव्वा वर्ष ते कुटुंब त्या प्लॅस्टिकवर बसत होतं, घामाने चिकटत. "मॅडम, आतून एकदा नीट बघून घ्या, कुठे ओरखडा नाही," म्हणाले. ओरखडा नव्हताच. पण बाजारातला भाव उरलेल्या कर्जापेक्षा कमी होता, आणि तो आकडा मलाच लिहायचा होता. त्यांची गाडी गेली आणि कर्ज मागे उरलं.

तुझ्या या गाड्यांचे भाव त्याहून लवकर उतरतात रे. हर्ट्झसारख्या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या, घसरलेल्या किमतीचा फटका सोसून. त्यांच्याकडे हिशेबनीस होते. तुझ्याकडे मी आहे, आणि माझं तू ऐकत नाहीस. तुमच्या कंपनीत दोनदा माणसं कमी केली, ते ईशाने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. तिसऱ्या वेळेला काय? दादाकाकांच्या वेळी काय झालं ते तू पाहिलं आहेस, ते उगाळत नाही.

बघ, आलेच हप्त्यावर. माफ कर. हे पान फाडणार होते, पण मागच्या बाजूला सिंगापूर आहे.

गाडीच्या बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील आईने निकाल आधीच लिहिला होता. ज्याला वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर कापायचे आहेत, ज्याच्या घरी चार्जर आहे, त्याला ती शांतता, ते हवेवरचं सस्पेन्शन, मोठी बॅटरी यांचे पैसे वसूल होत असतील. बॅटरीला बहुतेक जण आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात, तेही ठीक. पण जास्तीचे पैसे बॅटरीचेच असतात हे मला आता पटत नाही. जगभरची सरासरी धरली तर बॅटरीचा भाव २०१० मध्ये युनिटला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५. शंभर युनिटांची बॅटरी म्हणजे साडेअकरा हजार डॉलर. मग लाखातले बाकीचे कुठे गेले? आणि आजचं नवल उद्या खालच्या गाडीत येतं. २०१९ मध्ये पोर्शेने टायकनमध्ये ८०० व्होल्टची यंत्रणा आणली, तेव्हा त्या जलद चार्जिंगसाठी लोकांनी लाखाच्या वर युरो मोजले. दोनच वर्षांत ह्युंदाईची आयोनिक ५ निम्म्याहून कमी किमतीत तेच ८०० व्होल्ट घेऊन आली, चांगल्या चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के अठरा मिनिटांत. पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्याचं इथे नुकसान होत नाही.

इतकं लिहून काल रात्री वही मिटली, आणि मग ईशाचा फोन आला.

तिने सांगितलं, त्या गाडीत बॅटरीच्या खाली जी थंड ठेवायची प्लेट आहे ती तुझी आहे. तुमच्या गटाची, पण त्यातले पाण्याचे वळणदार मार्ग तू आखलेले. दोन वर्षं त्यासाठी रात्री जागलास. मला का नाही सांगितलंस? मी आपली विचारत राहिले, एवढी महाग कशाला, दाखवायची कोणाला. मी टेबल फॅन दुरुस्तीला टाकला होता तेव्हा तू सातवीत होतास, दुकानातून आणल्यावर परत खोललास, "आत काय केलंय ते बघतो" म्हणून. तुला ती गाडी चालवायची नाहीये, तिच्या आत काय केलंय ते जवळ ठेवायचंय. हे मला चार दिवस आणि बारा पानं कळलं नाही.

मग बाबांची आठवण आली. घाट उतरताना ते स्कूटरचं इंजिन बंद करायचे, पेट्रोल वाचावं म्हणून. तू पुढे उभा, मी मागे जीव मुठीत धरून. ओस्लोत तू मला दाखवलंस की उतारावर गाडी उलट वीज भरून घेते, पडद्यावरचा आकडा चक्क वर चढला. त्यांना ते दाखवायला हवं होतं. दिवसभर उतारच शोधत बसले असते.

तरी माझं म्हणणं ऐक. तीच गाडी तीन वर्षं जुनी मिळते का बघ, लीजवरून परत आलेली. प्लेट तीच असेल, आणि पडलेला भाव दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असेल. बॅटरीची किती क्षमता उरली याचा कागद मागून घे. नाहीतर कंपनीकडे गाडी माग. मिळणार नाही म्हणतोस, पण प्लेट करणाऱ्याने मागायची नाही तर कोणी मागायची? आणि नवीच घेणार असशील तर घे. मी येईन, पुढच्या सीटवर बसेन, सीट गरम कर.

तुझी,
आई

ता. क. किती वर्षांचं कर्ज काढतोयस आणि महिन्याला किती बसतं, तेवढं कळव. नको, राहू दे. ईशाला सांग, ती मला सांगेल.