टक्क्यावर मत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्त मंडळींनी जागा घेऊन एकत्र राहण्याबद्दलचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. सामायिक स्वयंपाकघर, अडीअडचणीला शेजार, कल्पना मनापासून पटली. पण ‘सोसायटीच्या निवडणुका आणि ऑडिट यांपेक्षा अपार्टमेंट सुटसुटीत’ हे वाक्य वाचून राहवलं नाही.

लेखकानं महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा चाळला तरी आहे का? सोसायटीत एका सभासदाला एक मत. अपार्टमेंटमध्ये, म्हणजे सोसायटी न करता या कायद्याखाली नोंदवलेल्या इमारतीत, नोंदणीच्या घोषणापत्रात सामायिक जागेतला ज्याचा हिस्सा जितके टक्के, तितकं त्याच्या मताचं वजन. तो हिस्सा पुढे बदलायचा तर सगळ्याच मालकांची संमती लागते. एकानं मान डोलावली नाही की संपलं.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या इमारतीत अकरा कुटुंबं राहतात. खालचे तीन गाळे आणि वरचे दोन मोठे फ्लॅट मूळ जागामालकाचे, मिळून बावन्न टक्के. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मीटरच्या पेट्या आणि पाण्याची मोटर बुडाली. पूर ओसरल्यावर मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात घ्यायचे म्हणून बैठक झाली. आम्ही अकराही जणांनी हात वर केले. पुण्यात राहणाऱ्या त्या एका जागामालकांना खर्च नको होता. त्यांच्या बावन्न टक्क्यांपुढे ठराव फेटाळला गेला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं आणि त्याच पेट्या पुन्हा बुडाल्या. मोटर बंद, लिफ्ट बंद. सत्तरी ओलांडलेली माझी पत्नी आठ दिवस टँकरच्या पाण्याची कळशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होती. पेटीतला गाळ मी स्वतः उलथन्यानं खरवडून काढला आहे.

म्हातारपणी एकमेकांच्या आधारानं राहायचं ठरवणाऱ्यांनी ही रचना का स्वीकारावी? ऑडिटची एवढी धास्ती कशाला? वर्षाचा हिशेब तिऱ्हाइतानं तपासला तर मैत्री टिकायला मदतच होते.

सोसायटीतही अडचणी आहेत. तिथे सभासदत्व खुलं असतं. पात्र माणसाला सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. एखादा सोबती गेला, वारसांनी घर विकलं आणि घेणाऱ्याला सामायिक स्वयंपाकघराशी देणंघेणं नसलं, तर त्याच्या वाट्याचा खर्च कोण उचलणार? असे प्रश्न उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, लिहितानाच, जागेचा व्यवहार होण्याआधी वकिलासमोर बसून सोडवावे लागतात. लेखात त्यावर एक ओळ नाही. बागेचे फोटो मात्र चार.

आपला,
एक जुना वाचक, गावभाग, सांगली

ता. क. : घर-जमिनीच्या जाहीर नोटिसा आपण इतक्या बारीक टायपात छापता की चष्मा लावूनही गट नंबर वाचता येत नाही. आमच्याच इमारतीतला एक फ्लॅट विकला जात असल्याची नोटीस माझ्या नजरेतून त्यामुळेच सुटली. टाईप मोठा करावा, ही कळकळीची विनंती.