तो काळा थर म्हणजे मळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लोखंडी वस्तूंची घरच्या घरी निगा कशी राखावी, यावर आपल्या रविवार पुरवणीत मजकूर आला होता. सोबत जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्या मध्ये बसणाऱ्या जाळीदार चकतीचे, म्हणजे त्सुबाचे छायाचित्र होते. चकती 'साच्यात ओतलेली' असल्याचे त्यात म्हटले होते आणि लिंबू-मीठ चोळून, वर बारीक पॉलिशपेपर मारून 'मूळची चकाकी' परत आणण्याचा सल्ला दिला होता. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरी चूक पहिलीतूनच येते. वस्तू ओतीव आहे असे एकदा धरले की वरचा काळा थर मळच वाटणार. प्रत्यक्षात तो थर कारागिराच्या कामाचा शेवटचा टप्पा असतो, आणि चकाकी या वस्तूला मुळात कधी दिलेलीच नसते.

ज्यांनी सल्ला ऐकून लिंबू लावले असेल त्यांनी वाहत्या पाण्याखाली चकती लगेच धुवावी. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात दहा मिनिटे ठेवावी, पुन्हा साध्या पाण्याने धुवावी आणि सुती कापडाने टिपावी. जाळीच्या कोपऱ्यांत पाणी अडून राहते, तेव्हा हेअर ड्रायरने सगळीकडून वाळवून घ्यावी. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसावी. घासू मात्र नये. जेवढा थर गेला तेवढा गेला, राहिलेला तरी वाचेल.

आता ही वस्तू काय असते ते. आपल्याकडच्या तलवारीची मूठ आणि परज एकाच घडणीत येतात. जपानी तलवारीचा त्सुबा मात्र सुटा असतो. पात्याचा मागचा दांडा त्याच्या मधल्या भोकातून जातो, मागेपुढे तांब्याच्या पातळ चकत्या बसतात, वर लाकडी मूठ चढते आणि बांबूची एक खुंटी सगळे धरून ठेवते. खुंटी काढली की त्सुबा हातात येतो. म्हणूनच तो बदलता येत असे आणि म्हणूनच पात्याशिवायचे इतके त्सुबा जगभर दिसतात. 1876 साली जपानमध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आली, त्यानंतर ते मोठ्या प्रमाणात युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेले.

मोठ्या तलवारीचा त्सुबा साधारण सात ते आठ सेंटिमीटर व्यासाचा आणि चार ते सहा मिलिमीटर जाडीचा असतो. मधल्या पाचरीसारख्या भोकाच्या शेजारी बहुधा आणखी एक-दोन भोके असतात. अर्धचंद्राकृती भोक म्यानात खोचलेल्या लहान सुरीसाठी आणि तीन पाकळ्यांचे भोक केसांच्या सळईसाठी. मधल्या भोकाभोवतीची लंबगोल जागा कोरी सोडलेली असते, कारण तिथे तांब्याच्या चकत्या टेकतात. नक्षी त्या जागेत सहसा शिरत नाही. बरीच आत शिरली असेल तर वस्तू शोभेची असण्याची शंका घ्यावी. भोकाच्या वर-खाली कधी तांब्याचे तुकडे ठोकलेले दिसतात. ती नंतरची डागडुजी समजून लोक ते उपटतात. ते तसेच राहू द्यावेत. दांड्याला भोक घट्ट बसावे आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ते मुद्दाम घातलेले असतात.

जाळी करण्याचे एक कारण वजन. आठ सेंटिमीटर व्यासाची, पाच मिलिमीटर जाडीची सबंध लोखंडी चकती दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. निम्मे लोखंड काढले तर वजन शंभरावर येते आणि तलवारीचा तोल बदलतो. पण नुसते वजनच कमी करायचे असते तर चार गोल भोके पुरली असती. क्योटोच्या परंपरेतल्या बारीक, रेखीव पट्ट्या, ओवारी प्रांतातल्या जाड आणि ठाम, कानायामा परंपरेच्या लहान चकत्या आणि त्यांच्या जाडसर कडा हे सगळे लोखंडाच्या रेषेने काढलेले चित्र आहे. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोकडे, होसोकावा घराण्याच्या आश्रयाने हे काम सतराव्या शतकात फार वर गेले. तिथला हायाशी माताशिची मूळ बंदुका घडवणारा. त्याच्या चकत्यांचे लोखंड पाहिले की हे कसब भट्टीपाशीच सुरू होते, हे पटते.

लोखंड घडीव लागते. जुन्या पद्धतीत ते तापवून, दुमडून, जोडून पुन्हा ठोकले जाई. जोडाच्या वेळी रंग पिवळसर पांढरा हवा. लालवर ठोकले तर जोड बसत नाही आणि फार तापवले तर ठिणग्या उडून लोखंडच जळते. जपानी लोहार त्यावर गवताची राख आणि मातीचे पाणी वापरत, आपल्याकडे टाकणखार चालतो. जोड कच्चा राहिला तर तेव्हा कळत नाही. जाळी कापून कानस मारताना आतल्या भिंतीवर केसासारखी काळी रेघ उघडी पडते, आणि तोवर तीन-चतुर्थांश काम झालेले असते.

ज्यांना इथे हात घालून पाहायचा आहे त्यांनी जुन्या बैलगाडीच्या चाकाची धाव मिळते का पाहावे. पूर्वीच्या धावा पुष्कळदा घडीव लोखंडाच्या असत. कडेला खाच पाडून तुकडा वाकवून मोडा. आत लाकडासारखे तंतू दिसले तर घडीव, दाणेदार राखाडी दिसले तर अलीकडचे पोलाद. सरावाला साधे माइल्ड स्टीलही चालते, फक्त त्यात पुढे सांगितलेली 'हाडे' येत नाहीत.

पत्रा हवा त्यापेक्षा मिलिमीटरभर जाड ठोकावा. हातोड्याचे वण पृष्ठभागावर ठेवायचे असतील किंवा कड ठोकून फुगवायची असेल तर ती याच वेळी. जाळी कापल्यावर ठोकायला गेलात तर पट्ट्या वाकतात. ठोकून झाल्यावर पत्रा लाल करून राखेत पुरावा आणि रात्रभर सावकाश निवू द्यावा. हे टाळले की ठोकलेले लोखंड कडक राहते आणि करवतीची पाती एकामागून एक तुटतात.

नक्षी आधी कागदावर काढून, जे कापून जाणार ते काळे करावे. काळ्याने चहूबाजूंनी वेढलेला एखादा पांढरा भाग दिसला तर तो लोखंडात गळून पडणार, हे तिथेच ओळखावे. पंख पसरलेला करकोचा पूर्वीच्या कारागिरांना इतका का आवडला असेल, याचे एक उत्तर इथे मिळते. पंखांची टोके कडेला टेकतात, मान मधल्या कोऱ्या जागेला भिडते आणि चित्र स्वतःच स्वतःला धरून ठेवते. नवख्याने दोन मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी ठेवू नये.

मग पत्र्यावर रेघा कोरून, सेंटर पंच मारून प्रत्येक भोकात दोन-अडीच मिलिमीटरचे ड्रिल पाडावे. गती कमी ठेवावी आणि तेल द्यावे. करवत सोनाराची चालते, पण दागिन्यांसाठी वापरतात ते फार बारीक पाते पाच मिलिमीटर लोखंडात टिकत नाही. तीन किंवा चार नंबरचे घ्यावे, दाते खाली मुठीकडे, पात्याला मेण. लहान भोके आधी आणि मोठी शेवटी कापावीत, म्हणजे पत्रा शेवटपर्यंत ताठ राहतो. रेघेच्या आत अर्धा मिलिमीटर सोडावा. सगळ्यात जास्त काम बिघडते ते करवत तिरपी गेल्याने. वरून रेघ अगदी बरोबर दिसते, पत्रा उलटला की मागची पट्टी निम्मी झालेली असते. दर दोन-तीन मिलिमीटरला मागची बाजू पाहिली पाहिजे. वळणावर पाते पिळू नये. जागच्या जागी वर-खाली चालवत पत्रा हळूहळू फिरवावा.

यानंतरचे सगळे काम कानशीचे, आणि खरा वेळ तिथेच जातो. अर्धगोल, तिधारी, चौकोनी, उंदराच्या शेपटीसारखी गोल अशा कानशी लागतात. शेगड्याच्या (व्हाइसच्या) जबड्यांना तांब्याचे किंवा चामड्याचे तुकडे लावावेत, नाहीतर कडेवर दात उठतात. कानशीवर खडू घासला की लोखंडाचा भुगा खाचांत अडकत नाही. अडकलेला एक कण भिंतीवर जी खोल रेघ ओढतो ती काढायला पुन्हा तेवढेच लोखंड उतरवावे लागते. दाब पुढे जाताना द्यावा, मागे आणताना कानस उचलावी. भिंत उभी सरळ आली की कोपऱ्याची धार किंचित मोडावी. चांगल्या जुन्या चकतीच्या पट्टीवरून बोट फिरवले तर ती कुठे बोचत नाही आणि तरीही पुसट वाटत नाही. ही मधली अवस्था पॉलिशपेपरने येत नाही. पेपर सगळे कोपरे सारखेच गोल करतो आणि करकोच्याची मान गांडुळासारखी दिसू लागते.

आता त्या काळ्या थराविषयी. लाल गंज सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खाली खात जातो. काळा थर, म्हणजे मॅग्नेटाइट, दाट असतो आणि लोखंडाला चिकटून राहतो. कारागीर लोखंडाला मुद्दाम गंजवतो आणि त्या गंजाचा असा काळा थर करतो. नव्या चकतीवर हे करायचे तर ती आधी धुण्याच्या सोड्याने धुऊन तेल पूर्ण काढावे, नंतर बोट लावू नये. अर्धा लिटर पाण्यात दहा ग्रॅम नवसागर विरघळवून फडक्याने अगदी पातळ हात द्यावा. ओघळ आले तर तिथे डाग राहतात. रात्रभर दमट डब्यात ठेवावी. बडोद्यात श्रावणात डब्याची गरज पडत नाही, वैशाखात डब्यात ओले फडके ठेवावे लागते. सकाळी केशरी साय आली की आरओच्या पाण्यात वीस मिनिटे उकळावी. केशरीचे काळे होते. बोअरचे पाणी वापरले तर क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. जाड सुती कापडाने सुटा भुगा झाडावा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा ते दहा आवर्तनांत रंग भरतो. शेवटच्या एक-दोन वेळा पाण्यात कोरा चहा किंवा कुटलेला हिरडा घालावा. त्यातल्या टॅनिनने काळ्यावर निळसर झाक येते. घाई करून नवसागर वाढवला तर खड्डे पडतात आणि ते कानशीशिवाय जात नाहीत.

काही जुन्या चकत्यांवर याच थराखाली, विशेषतः कडेवर, किंचित वर आलेल्या गुळगुळीत गाठी किंवा रेषा दिसतात. जपानी जाणकार त्यांना लोखंडाची हाडे म्हणतात. दुमडलेल्या लोखंडात कर्ब जास्त असलेला कडक भाग कमी झिजतो, आजूबाजूचा मऊ भाग जास्त झिजतो, आणि हाड वर येते. ओतीव किंवा कारखान्याच्या एकसारख्या पत्र्यात हे होत नाही. लिंबाने थर गेला आणि पेपरने कड सपाट झाली की आधी जातात ती हीच. लोखंड किती जुने आणि कसे घडवले, हे सांगणारी एक मोठी खूण त्यांच्याबरोबर जाते.

खरोखर ओतलेल्या नकला मिळतातच, सजावटीच्या तलवारींवर बहुतेक त्याच असतात. त्या पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांना लोहचुंबक चिकटत नाही आणि काळा रंग नखाने निघतो. ओतीव लोखंडाला चुंबक चिकटतो, म्हणून जाळीच्या आतल्या भिंती भिंगातून पाहाव्यात. साच्याच्या जोडाची रेघ, बुडबुड्यांचे खळगे आणि कानशीचा एकही ओरखडा नसणे पुरेसे बोलके असते. लेझरने कापलेल्या पत्र्यात भिंतीवर वरून खाली एकसारख्या उभ्या रेघोट्या असतात. लेझरला आमचा विरोध नाही. मकरपुऱ्यातल्या औद्योगिक वसाहतीत पाच मिलिमीटरचा पत्रा कापून घ्यायला फार वेळ लागत नाही. पण नक्षी अर्धा मिलिमीटर मोठी ठेवून कापावी आणि उरलेले कानशीने उतरवावे. लेझरने भाजलेली कड तशीच ठेवली तर तिच्यावरची पापडी काही महिन्यांत सुटते आणि वरचा काळा थरही घेऊन जाते.

घरी जुना त्सुबा असेल आणि लाल ठिपका दिसला तर बोट फिरवून पाहावे. भुकटी लागली तरच तो चालू गंज. त्यावर तेलाचा थेंब टाकून बांबूच्या काडीने किंवा शिंगाच्या टोकाने तेवढाच भाग हलके घासावा, तपकिरी रंग दिसला की थांबावे. तारेचा ब्रश, चिंच, पितांबरी यांतले काहीही नको. एरवी महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने पुसणे पुरते. पावसाळ्यात लाकडी डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नये, हे संपादकांची क्षमा मागून लिहीत आहोत. तो कागद ओल धरतो आणि आम्लही असतो.

आपल्या शहरातल्या संग्रहालयांत जपानी वस्तू आहेत, घराघरांतही कुठे ना कुठे निघतात, तेव्हा या विषयावर पुन्हा मजकूर येईलच. त्या वेळी समोरून एकच छायाचित्र न देता कडेचे आणि मधल्या भोकाचेही द्यावे. फ्लॅश न लावता, एका बाजूने खिडकीचा तिरपा उजेड घेऊन काढले तर हातोड्याचे वण आणि कडेवरची हाडे छापील कागदावरही दिसतात.

आपले,
लोखंडावर जाळीकाम करणारे काही वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा