डिस्टिलरीचा नवा कॉलम घेण्याआधी जुना कुठे तुंबतो ते शोधा

मा. संपादक, स. न. वि. वि.

सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांच्या बातम्या सध्या आपल्या अंकात रोज येत आहेत. बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरीची क्षमता वाढवण्याचा ठराव आहे. मी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली, त्यातली शेवटची बारा इनचार्ज म्हणून. नव्या कॉलमसाठी, म्हणजे अल्कोहोल वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्यासाठी, कर्ज काढण्याआधी जुना कॉलम नेमका कुठे अडतो हे कोणी तपासले आहे का, एवढे सभासदांनी सभेत विचारावे, यासाठी हे पत्र.

कॉलमच्या आत एकावर एक आडव्या प्लेट असतात. वाफ खालून वर चढते आणि द्रव एकेका प्लेटवरून खाली उतरतो. वाफेचा वेग फार झाला की ती द्रवालाच वर उचलून नेते. किंवा द्रवाची उतरायची वाट, म्हणजे डाउनकमर, अपुरी पडते आणि तो प्लेटवर साचत जातो. दोन्ही वेळा आम्ही ‘कॉलम फ्लड झाला’ म्हणतो. वरच्या आणि खालच्या दाबातला फरक चढतो, तळाला लेव्हल मिळत नाही, तळाचे तापमान उतरते आणि स्पिरिटला वॉशचा, म्हणजे आंबवलेल्या मळीचा, रंग व वास येतो. तापमान उतरलेले दिसताच शिफ्टवाला वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही तेच करत असे. दूध उतू जाताना चुलीत आणखी लाकडे सारण्यासारखे आहे ते. अशा वेळी वॉश आणि वाफ दोन्ही कमी करून साचलेले आधी उतरू द्यावे लागते.

आमचा प्लांट दिवसाला 30 हजार लिटरचा. तो 45 हजारांवर न्यायचा होता, पण 33 हजारांच्या पुढे सरकलो की मॅश कॉलम, म्हणजे वॉश आधी ज्यात जातो तो, फ्लड व्हायचा. कॉलम लहान पडतो, नवा घ्या, असा सल्ला मिळाला होता आणि संचालक मंडळही तयार होते. ऑफ सीझनला आमच्या जुन्या फिटरने मॅनहोलमधून टॉर्च मारून मला आतले दाखवले. डाउनकमरच्या तळाशी दोन इंच फट हवी, तिथे जेमतेम बोट जाईल एवढी जागा उरली होती. मळीतून येणारे कॅल्शियम सल्फेट गरम द्रवात कमी विरघळते. त्यामुळे त्याचा दगडासारखा थर नेमका तिथे बसतो. नुसत्या कॉस्टिक सोड्याने तो हलला नाही. छिन्नी आणि पाण्याचा जेट घेऊन माणसे आठ दिवस खपली, तीही कॉलम पूर्ण थंड करून, आतली हवा तपासून आणि बाहेर एक माणूस उभा ठेवूनच. पुढच्या हंगामात त्याच कॉलमने 38 हजार लिटर दिले. त्यापुढे मात्र वाफेचा वेग खरोखरच आड आला आणि प्लेट बदलाव्या लागल्या. कॉलमचे कवच तेच राहिले.

रेक्टिफायरचे, म्हणजे अल्कोहोल आणखी कडक करणाऱ्या पुढच्या कॉलमचे, दुखणे वेगळे होते. तो दर काही तासांनी फ्लड व्हायचा आणि आपोआप सुटायचा. कारण होते फ्युसेल ऑइल, म्हणजे आंबवताना तयार होणारे जड अल्कोहोलचे तेलकट मिश्रण. खालच्या पाणीदार भागात ते वाफेबरोबर वर जाते, वरच्या कडक अल्कोहोलमध्ये मात्र खाली ढकलले जाते, आणि मधल्या प्लेटवर अडकून साचत राहते. त्याचा ड्रॉ, म्हणजे ते बाहेर काढायची धार, आम्ही बचतीच्या नावाखाली फार बारीक ठेवला होता. तो वाढवला आणि त्रास थांबला. या दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही.

कॉलम न उघडता, चालू अवस्थेत आत पाहण्याची सोयही आहे. कॉलमच्या एका बाजूने गॅमा किरणांचा स्रोत आणि दुसऱ्या बाजूने डिटेक्टर सोबतच खाली सोडत जातात. द्रव किंवा फेस साचला असेल तिथे किरण कमी पोहोचतात आणि अडचण कितव्या प्लेटवर आहे ते आलेखावर दिसते. अणुऊर्जा विभागाची नवी मुंबईतील ‘ब्रिट’ ही संस्था हे काम करते. स्कॅनिंगचा खर्च नव्या कॉलमपुढे किरकोळ आहे.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, तेव्हा नव्या प्लांटचे हप्ते डोक्यावर असलेल्या कारखान्यांची झोप उडाली होती. बंदी पुढे उठली, पण तशी वेळ पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार? ते हप्ते शेवटी उसाच्या बिलातूनच जातात. म्हणून विस्ताराच्या ठरावासोबत तीन कागद सभेपुढे ठेवावेत, अशी माझी विनंती आहे: गेल्या हंगामातील दाबाच्या फरकाच्या रोजच्या नोंदी, मॅनहोल उघडून केलेल्या तपासणीचे फोटो आणि स्कॅनिंगचा अहवाल. दाबाच्या नोंदी ठेवतच नसतील, तर त्या येत्या गाळपापासून सुरू कराव्यात आणि ठराव एक हंगाम थांबवावा.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी इनचार्ज व ऊस उत्पादक सभासद