न ऐकू येणारा ‘त’

हाँगकाँग,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघाताच्या रुग्णाचे बोलणे तपासायला चांगला कान पुरतो, यंत्रे लागत नाहीत, असे तू नेहमी म्हणतोस. येथे येईपर्यंत मीही तेच म्हणत होतो. येथल्या कँटनीज भाषेने माझी ती घमेंड उतरवली.

‘सप’ म्हणजे ओले, ‘सत’ म्हणजे गमावणे आणि ‘सक’ म्हणजे तुंबणे, तिन्ही एकाच उंच सुरात (या भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो). आपण ‘सत’ म्हणताना शेवटी जीभ सुटते आणि ‘त’ ऐकू येतो. येथे मात्र जीभ जागेवर टेकते आणि शब्द तिथेच मिटतो. ‘सप’ला निदान ओठ मिटलेले दिसतात, ‘सत’साठी टोक दातांमागच्या हिरडीला लागले की ‘सक’साठी मागचा भाग मऊ टाळूला, हे तोंडाच्या आतच राहते. कानाच्या वाट्याला येते ते ‘अ’ला शेवटी बसलेले निसटते वळण.

परवा एक आजोबा आले होते. आघात मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे जीभ बाहेर काढली की उजवीकडे झुकते. वाचाघात नाही, शब्द सगळे आठवतात, अडते ते उच्चारात. जीभ गॉजने कोरडी करून आम्ही टोकाजवळ एक आणि मागे एक अशा इवल्याशा कॉइल चिकटवल्या. लाळेमुळे गोंद दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा आजोबाच हसले. डोक्याभोवतीच्या क्षीण चुंबकीय क्षेत्रामुळे कॉइलमध्ये जो विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्यावरून ती क्षणोक्षणी कुठे आहे आणि किती वेगाने सरकते आहे हे कळते.

त्यांनी ‘सत’ म्हटले. मला ते ‘सक’ही वाटले असते. पडद्यावर मात्र स्पष्ट दिसले की टोक वर निघाले होते, पण संथपणे, आणि हिरडीच्या अलीकडेच थबकले; मागचा भागही त्याच वेळी उचलला गेला, जणू सगळी जीभ एकच गोळा होऊन हलत होती. म्हणजे ‘त’ विसरला नव्हता, वाटेत राहिला होता. सूर मात्र शाबूत, कारण ते स्वरतंतूंच्या ताणावर ठरतात. कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे अर्थ असलेले ‘सी’चे सहाही सूर त्यांनी चोख काढले. आजींना त्यांचे बोलणे कसे समजते, हे मला तेव्हा उमगले.

एक गोची राहतेच. येथील तरुण धडधाकट असूनही ‘नेइ’ला (म्हणजे ‘तू’ला) ‘लेइ’ म्हणतात आणि शेवटच्या ‘क’चा कित्येकदा ‘त’ करतात. वडीलधारे त्याला ‘आळशी उच्चार’ म्हणून नाके मुरडतात. अशांशी आजोबांची तुलना केली, तर आजार कोणता आणि सवय कोणती हे कळणारच नाही. म्हणून तुलनेसाठी मी आता त्यांच्याच वयाची निरोगी माणसे शोधतो आहे.

तुझ्याकडच्या रुग्णांचा ‘ळ’ जेव्हा ‘ल’सारखा ऐकू येतो, तेव्हा जीभ मागे वळतच नाही की वळता वळता थांबते, हे तू कानाने कसे ठरवतोस, ते सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश