नुसतं ‘एसएस’ म्हणू नकोस

भोसरी
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुध्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तीन मेसेज तसेच पडलेत, त्याबद्दल रागाव, तो तुझा हक्क आहे. पण आज तू पाठवलेला कोटेशनचा फोटो पाहिला आणि हात स्वस्थ बसेनात. जिप्सीला नवा एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप आणि सायलेन्सर, बसवायला शनिवारी टाकणार आहेस ना? त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ‘कळलं, कळलं’ म्हणतोस.

तब्येत बरी, गोळी चालू. आक्कांचा गुडघा कसा आहे ते कळव.

कोटेशनवर लिहिलंय: ‘एसएस पाइप २ इंच, सायलेन्सरसह फुल सेट, आर्गॉन वेल्डिंगसकट.’ अरे, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ते नाव नाही, आडनाव आहे. भावकी एक, स्वभाव वेगळे. २०२ पण एसएस, ३०४ पण एसएस, ४०९ पण एसएस. ग्रेड नाही, जाडी नाही, फ्लेक्सीचा, म्हणजे मधल्या लवचिक तुकड्याचा, उल्लेख नाही. एवढ्यावर तू ॲडव्हान्स देऊन आलास?

मला सगळ्यात जास्त भीती २०२ ची वाटते. जिन्याच्या रेलिंगचा चकचकीत पाइप बहुतेक ठिकाणी तोच असतो आणि फॅब्रिकेशनवाल्याकडे तो पडलेलाच असतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ वर आणतात आणि ती जागा साडेसात ते १० टक्के मँगनीज घालून भरून काढतात. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. खारी हवा आणि उष्णता एकत्र आली की २०२ आधी जोडाजवळ तांबूस ठिपके दाखवतो, मग तिथेच खड्डे पडतात.

आता तू चुंबक काढशील, मला ठाऊक आहे. कराडच्या हॉस्टेलवर ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल’ हे तू बंड्याला आणि मला रात्री दोनपर्यंत ऐकवलं होतंस आणि नानांनी तुझी बाजू घेतली म्हणून जिंकलास. तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. वाकवलेल्या जागी तर अस्सल ३०४ सुद्धा थोडा धरतो. आणि ४०९ ला चुंबक कचकन चिकटतो, तरी गाड्यांचे कारखाने कित्येक वर्षं तोच ४०९ वापरत आलेत, कारण ११ टक्के क्रोमियममध्ये तो स्वस्त पडतो, तापल्यावर कमी फुगतो आणि वरून तपकिरी झाला तरी आतून टिकतो. चुंबकाने २०२ आणि ३०४ मधला फरक कळत नाही.

म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपची टीसी, म्हणजे कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट, माग. पाइपवर छापलेला हीट नंबर (धातूच्या त्या ओताचा क्रमांक) टीसीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. टीसी नसेल तर वीतभर तुकडा कापून माझ्याकडे पाठव, इथे पीएमआय गनवर (धातूतले घटक ओळखणारं यंत्र) दोन मिनिटांत निकेल आणि मँगनीज कळतं. एक लक्षात ठेव, त्या गनला कार्बन दिसत नाही. म्हणजे ३०४ आणि ३०४एल यांतला फरक तिला सांगता येत नाही, तो टीसीवरूनच बघायचा.

तो फरक का बघायचा, ते ऐक. साध्या ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो, ‘एल’मध्ये ०.०३ पर्यंत. स्टील ४२५ ते ८५० अंशांच्या मध्ये राहिलं की कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. ज्या क्रोमियममुळे गंज लागत नाही, तेच तिथे कमी पडतं आणि पाइप जोडाच्या बाजूला, जोडावर नव्हे, रेघेसारखा उसवत जातो. मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून धूर गोळा करणारा भाग) कॅटपर्यंतचा (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुकडा घाटात नेमका याच तापमानात राहतो. तिथे ३०४एल घे. ३२१ मिळाला तर आणखी चांगलं, कारण त्यात कार्बनला गुंतवून ठेवायला टायटॅनियम घातलेलं असतं. पण ३२१ साठी मुंबईच्या कुंभारवाड्यात, धातूबाजारात, खेटे घालू नकोस. तो टर्बोवाल्यांना लागतो, तुझ्या १३०० सीसीला ३०४एल पुरेसा आहे.

जाडी दीड मिलिमीटर, म्हणजे जवळपास सोळा गेज. १.२ चा पाइप स्वस्त मिळतो, आवाज पत्र्यासारखा येतो आणि हँगरच्या, म्हणजे पाइप गाडीखाली टांगणाऱ्या कड्याच्या, जोडाशी चिरतो.

आणि २ इंच कशाला? ८० अश्वशक्तीचं इंजिन आहे. दीड इंचाऐवजी २ इंच केलास तर आतलं क्षेत्रफळ पावणेदोन पटीहून जास्त होतं. वायू सावकाश चालतो, लवकर थंड होतो, पाणी जास्त साचतं, आणि ठरावीक फेऱ्यांवर केबिनमध्ये घुमायला लागतं. जुन्या पाइपाचा बाहेरचा व्यास मोज. तेवढाच घे, फार तर ३ मिमी मोठा.

पाण्याचं तुला कधी पटलं नाही, पण तुझा जुना सायलेन्सर त्यानेच खाल्ला. फोटोत नीट बघ, भोक खालच्या बाजूला आहे आणि कडा आतून बाहेर पातळ होत आल्यात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. तुझी गाडी घरून मिरकरवाड्याला जाते आणि मासळी घेऊन परत येते. मागचा भाग पुरता तापतच नाही, आणि ते किंचित आम्ल पाणी सायलेन्सरच्या पोटात बसून राहतं. म्हणून सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिमीचं एक भोक पाडून घे आणि महिन्याने एकदा तार घालून मोकळं कर. काचेचं लोकर भरलेला सायलेन्सर नको, ते ओलं राहतं. आत कप्पे असलेला घे, कवच ३०४ चं.

दुकानदार ‘समुद्राजवळ आहात, ३१६ घ्या’ म्हणेल. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते खरंच जास्त तोंड देतं. पैसे असतील तर शेवटच्या तुकड्याला आणि सायलेन्सरला घाल, पुढच्या तापणाऱ्या भागात त्याचा विशेष फायदा नाही. त्यापेक्षा भाट्याच्या वाळूत गाडी घातलीस की घरी आल्यावर, पाइप निवल्यावर, खालून गोड्या पाण्याचा पाइप मार. मीठ धुतलं गेलं पाहिजे. आणि त्यावर कापडी पट्टी गुंडाळू नकोस, ती खारं पाणी धरून ठेवते.

आता फ्लेक्सी. ३०४ तापला की खूप फुगतो. एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर जवळपास ९ मिमी लांबतो, ४०९ साधारण ६. ही लांबी कुठेतरी जायला हवी. मागे तू हँगरचं रबर तुटल्यावर तार आवळून बांधली होतीस, आणि मी ओरडलो तर दोन दिवस बोलला नाहीस. आठवतंय? पाइपाला सरकायला जागा मिळाली नाही की तो सगळा जोर जोडावर काढतो, आणि तुझी चीर तारेपासून चार बोटांवर आली होती. या वेळी मॅनिफोल्डनंतर, कॅटच्या आधी, आतून अस्तर असलेला फ्लेक्सी बसव. सरळ रेषेत बसव, तिरपा ओढून किंवा पीळ देऊन नाही. रबरं सगळी नवी.

कॅट जागेवरच राहू दे. काढून सरळ पाइप टाकतो म्हणणारे भेटतील. ते बेकायदा आहे, पीयूसीला अडकशील, आणि मागे बसणाऱ्या पोरांच्या नाकात तो धूर जाईल.

वेल्डिंगच्या वेळी तू समोर उभा राहा. गाडीवर टाके मारायच्या आधी बॅटरीची वायर काढायची, ऑक्सिजन सेन्सर बाहेर घ्यायचा. ३०४ला ३०४ जोडताना जोडात भरायला ३०८एलची तार. कॅटच्या मूळ पाइपाला किंवा साध्या लोखंडाच्या फ्लँजला (दोन पाइप बोल्टने जोडायच्या पट्टीला) जोडताना ३०९एल. एकच तार सगळीकडे मारली की लोखंडाच्या बाजूला जोड ठिसूळ होतो. आणि हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू आतूनही सोडायला सांग. बहुतेक जण हे टाळतात, कारण बाहेरून काही दिसत नाही. पाइपाची दोन्ही तोंडं टेपने बंद करायची, एका बाजूने नळी घालायची, दुसऱ्या बाजूला बारीक छिद्र ठेवायचं, आणि आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं. हे केलं नाही तर जोडाची आतली बाजू करपलेल्या गुळासारखी काळी, खरबरीत होते आणि चीर तिथूनच सुरू होते. एक जोड झाला की टॉर्च लावून आत बघ. फिकट सोनेरी असेल तर पुढे जाऊ दे. काळे फोड दिसले तर तिथेच थांबव.

ग्राइंडरची चकती नवी हवी. ज्या चकतीने लोखंड घासलं तीच स्टीलवर फिरवली तर लोखंडाचे कण रुतून बसतात, आठ दिवसांत गंजाचे ठिपके उठतात, आणि मग दोष धातूला लागतो.

फ्लँज तीन सुती, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी जाड, पट्टीचे. पातळ पट्टी उष्णतेने वाकते आणि पॅकिंगमधून फुसफुस सुरू होते. स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट कोरडा फिरवू नकोस, आटे एकमेकांना चावतात आणि नंतर बोल्ट तुटतो पण सुटत नाही. निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव. सेन्सरच्या आट्यांनाही तेच, पण टोकाला लागू देऊ नकोस. आणि त्याच्याकडे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपचा एखादा तुकडा ‘इथे चालून जाईल’ म्हणून निघाला तर हात जोड. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं, झाळताना त्याचा धूर ताप आणतो, आणि शेजारच्या तापलेल्या स्टीलमध्ये शिरून त्यालाही भेगा पाडतं.

तू त्या निळ्या टायटॅनियमचे व्हिडिओ पाठवत असतोस. सुंदर दिसतं, मान्य. पावणेदोन इंची, दीड मिमीचा स्टीलचा पाइप मीटरला साधारण १.६ किलो, टायटॅनियमचा ०.९. तीन मीटरला दोन किलो वाचले. तुझ्या मागच्या सीटखालची ती साखळी काढलीस तर याहून जास्त वाचतील. शिवाय लाल तापल्यावर टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून ठिसूळ होतं, झाळायला जास्त जपावं लागतं, आणि रत्नागिरीत ते दुरुस्त कोण करणार?

मनूची बारावी कशी चाललीय? तिला म्हणावं, काका फॉर्म भरायच्या वेळी येतील. कौलं बदललीस का? वहिनींना नमस्कार.

उद्या सकाळी त्याच्याकडे जा आणि कोटेशन नव्याने लिहून घे: ‘३०४एल, १.५ मिमी, टीसीसह, फ्लेक्सी एक, आतून आर्गॉनसह.’ तो नाही म्हणाला तर ॲडव्हान्स परत माग, मी इथून पाइप कापून एसटीच्या पार्सलने पाठवतो. आणि काम सुरू व्हायच्या आधी पाइपाच्या कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावून मला जाडीचा आकडा कळव.

तुझा,
विन्या

ता. क. जुना सायलेन्सर भंगारात घालू नकोस. उभा चिरून ठेव, दिवाळीत आलो की आतली बाजू तुला दाखवायची आहे.